पाच लाखांच्या आकड्याआधी पाचशे शिक्षक: भारत-जपान भागीदारीबाबत खुले पत्र

प्रति,
परराष्ट्र मंत्रालय (पूर्व आशिया विभाग), नवी दिल्ली
वाणिज्य मंत्रालय, नवी दिल्ली
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग, महाराष्ट्र शासन

महोदय, महोदया,

२७ ऑगस्ट २०२५ रोजी भारतीय मालावर अमेरिकेचे ५० टक्के आयात शुल्क लागू झाले आणि दोनच दिवसांनी, २९ तारखेला, टोकियोत भारत-जपान शिखर बैठक झाली. त्याआधी एप्रिलपासून चीनने रेअर अर्थ चुंबकांना निर्यात परवाना सक्तीचा केला होता आणि आपल्याकडच्या वाहन कंपन्यांचे खरेदी विभाग उरलेला साठा मोजत बसले होते. चीनने पुरवठा अडवल्याचा हा चटका जपानला २०१० मध्येच बसला आहे. दोन्ही देशांना एकमेकांची गरज का वाटते, हे आता कुणाला समजावून सांगायला नको. टोकियोतल्या घोषणाही तशाच भरघोस होत्या: दहा वर्षांत १० लाख कोटी येनची खासगी गुंतवणूक, पाच वर्षांत दोन्हीकडून मिळून ५ लाख माणसांची ये-जा आणि त्यांपैकी ५० हजार कुशल किंवा होतकरू भारतीय जपानकडे.

आम्ही जपानी शिकवणारे, कारखान्यांत दुभाष्याचे काम करणारे आणि जपानला जाणाऱ्या मालाचे कागद तयार करणारे लोक आहोत. घोषणांच्या दिशेबद्दल आमची तक्रार नाही. दोन पंतप्रधानांच्या सह्या आणि नागोयाजवळच्या एखाद्या वृद्धाश्रमातली रात्रपाळी यांच्यामध्ये जी फळी लागते, तिच्याकडे पाहायला कुणाला सवड नाही. पत्राचे कारण तेवढेच.

या मैत्रीच्या नावाला सहा-आठ वर्षांनी एक नवे विशेषण चिकटते. २००० मध्ये ती ‘जागतिक भागीदारी’ होती, २००६ मध्ये ‘धोरणात्मक’ झाली, २०१४ मध्ये ‘विशेष’. मधल्या काळात, ऑगस्ट २०११ पासून, सर्वंकष आर्थिक भागीदारी करार (सेपा) लागू झाला. त्या वर्षी, म्हणजे २०११-१२ मध्ये, जपानला आपली निर्यात ६ अब्ज डॉलरच्या वर होती. २०२३-२४ मध्ये ती ५.१५ अब्ज डॉलर भरली आणि जपानकडून आयात १७.६९ अब्ज डॉलरची झाली. विशेषणे वाढली, निर्यात घटली. कारणे बैठकीच्या दालनात सापडणार नाहीत, ती खाली आहेत.

आधी माणसांबद्दल, कारण तिथे वेळ सर्वांत कमी आहे.

जपानच्या ‘विशिष्ट कुशल कामगार’ व्हिसासाठी भारताने जानेवारी २०२१ मध्ये सहकार्य करार केला. मार्च २०२४ मध्ये जपानने या व्हिसाची क्षेत्रे १६ केली आणि पाच वर्षांत सर्व देशांतून मिळून ८.२ लाख माणसे घेण्याची मर्यादा ठरवली. मागणी आहे, कायदा आहे, विमानेही आहेत. तरी २०२४ अखेर जपानमध्ये व्हिएतनामी नागरिक सुमारे ६.३ लाख, नेपाळी सुमारे २.३ लाख आणि भारतीय जेमतेम ५४ हजार. नेपाळने आपल्याला चौपटीने मागे टाकले, ते काठमांडूच्या गल्लीबोळांत भाषेचे वर्ग निघाले म्हणून.

या व्हिसाला भाषेची अट म्हणजे जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ पातळी (एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत अवघड) किंवा जेएफटी-बेसिक ही संगणकीय परीक्षा. एन-४ म्हणजे साधारण ३०० कांजी (जपानीतली चिनी चित्राक्षरे), दीड हजार शब्द आणि वर्गातले किमान ३०० तास. हे तास कागदावर थोडे वाटतात. मराठी मुलांना व्याकरण सोपे जाते, कारण क्रियापद शेवटी आणि विभक्तीसारखे प्रत्यय नामानंतर. अडते ते ऐकण्यात. एन-४ ला १८० पैकी ९० गुण पुरतात, पण भाषा-वाचन विभागात १२० पैकी ३८ आणि श्रवणात ६० पैकी १९ वेगळे मिळवावेच लागतात. एकूण ११० गुण मिळवून श्रवणात १७ ला अडकलेला विद्यार्थी नापास. जेएलपीटी भारतात वर्षातून दोनदाच, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. जुलैत गेले की थेट डिसेंबर, आणि निकाल त्यापुढे दोनेक महिन्यांनी. जेएफटी-बेसिकला २५० पैकी २०० लागतात. ती वर्षात अनेकदा होते आणि निकाल तिथल्या तिथे कळतो, म्हणून कामगार म्हणून जाणाऱ्याने तीच द्यावी असे आम्ही सांगतो. पण ज्या जाहिराती तालुक्याच्या ठिकाणी लागतात त्यांत या दोन परीक्षांतला फरक कधी छापलेला नसतो.

वृद्धसेवेसाठी (जपानीत ‘काइगो’) आणखी दोन परीक्षा आहेत: ४५ प्रश्नांची कौशल्य चाचणी आणि १५ प्रश्नांची काइगो-भाषेची चाचणी. ही दुसरी अर्ध्या तासाची असली तरी शब्द वर्गातल्या पुस्तकातले नसतात. अंथरुणावर पडून राहिल्याने झालेली जखम, घशात अडकलेला घास, कूस बदलणे, लंगोट बदलणे. रात्री दोन वाजता आजोबा नेमके काय म्हणतात हे समजले नाही तर अपघात होतो, म्हणून उत्तीर्णतेची रेघ सुमारे ७३ टक्क्यांवर आहे. ३०० तासांच्या पुढे यासाठी आणखी १०० तास धरा.

आता हिशेब. ५० हजार माणसे पाच वर्षांत, म्हणजे वर्षाला १० हजार. एक शिक्षक दिवसाला चार तास प्रत्यक्ष शिकवू शकतो, वर्षाचे २२० दिवस धरले तर ८८० तास. ४०० तासांच्या दोन तुकड्या, चाचण्यांसकट, त्यातच संपतात. वीस-वीसच्या दोन तुकड्या म्हणजे ४० विद्यार्थी. पहिल्या फटक्यात निम्मे पास झाले तर एका शिक्षकामागे वर्षाला २० माणसे. १० हजारांना ५०० शिक्षक हवेत, पूर्णवेळ. यात अभियंते आणि विद्यापीठांत जाणारे वगळून निम्मी माणसे धरली तरी अडीचशे. हा शिक्षक किमान एन-२ असायला हवा. एन-२ झालेल्या माणसाला पुण्यात किंवा बेंगळुरूत आयटी कंपनी भाषांतरासाठी जो पगार देते, त्याच्या निम्माही आयटीआयचा तासिका तत्त्वावरचा मोबदला देत नाही. त्यामुळे आमच्यातला चांगला शिक्षक दोन वर्षांत हिंजवडीला जातो. आम्ही त्याला दोष देत नाही.

म्हणून पहिली मागणी: मानधनाचा दर एन-२ आणि एन-१ साठी वेगळा ठरवा, नेमणूक किमान तीन वर्षांची द्या, आणि तुकडी वीसवर रोखा. साठ जणांच्या वर्गात श्रवण शिकवता येत नाही, फक्त ऐकवता येते.

दुसरी गोष्ट कालक्रमाची. भाषेला आठ महिने, परीक्षेला एक-दोन, मुलाखत आणि करार एक-दोन, मग जपानी मालकाने तिथल्या इमिग्रेशनकडून आणायचे पात्रता प्रमाणपत्र एक ते तीन महिने, शेवटी मुंबईच्या वाणिज्य दूतावासात व्हिसा. सव्वा वर्ष सहज जाते. या काळात मुलाच्या घरी उत्पन्न नसते आणि दलाल नेमका इथे शिरतो. आपल्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत भरती एजंट ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढेच सेवाशुल्क घेऊ शकतो. जपानचे नियम तर अनामत रक्कम किंवा ‘सोडून गेलास तर दंड’ असा करार असेल तर व्हिसाच नाकारतात. तरीही ‘डिपॉझिट’ घेतले जाते, वेगळ्या पावतीवर, कोर्स फी म्हणून. प्रत्येक आयटीआयच्या फलकावर हे दोन नियम मराठीत, मोठ्या अक्षरांत लावा. खर्च एका फ्लेक्सचा. फ्लेक्सची आपल्याकडे कमतरता नाही.

तिसरी गोष्ट पैशांची, आणि इथे सर्वांत जास्त नुकसान नकळत होते. २०२५ चे जपानचे सरासरी किमान वेतन तासाला १,१२१ येन. महिन्याला १७० तास धरले तर सुमारे १ लाख ९० हजार येन. यातून आरोग्य विमा, रोजगार विमा, प्राप्तिकर आणि पेन्शनचे ९.१५ टक्के कापले जातात. पेन्शनचेच महिन्याला १७ हजार येनच्या वर. दुसऱ्या वर्षी जूनपासून रहिवासी कर सुरू होतो, कारण तो आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर लागतो. पहिल्या वर्षीच्या हातातल्या पगारावर घरचे कर्जाचे हप्ते ठरवणारी मुले याच जूनमध्ये गडबडतात.

पेन्शनचे पैसे परत मिळतात, पण आपोआप नाही. दहा वर्षांपेक्षा कमी हप्ते भरून देश सोडणाऱ्याला एकरकमी परतावा मागता येतो. सध्या जास्तीत जास्त ६० महिन्यांपर्यंतचा, आणि देश सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज केला तरच. वरच्या पगारावर पाच वर्षांचा परतावा सरासरी पगाराच्या ५.५ पट, म्हणजे साधारण साडेदहा लाख येन. येन ५८ पैशांचा धरला तरी सहा लाख रुपये. त्यातून २०.४२ टक्के कर आधीच कापतात, तोही जपानमधल्या कर-प्रतिनिधीमार्फत विवरणपत्र भरले तर बहुतांशी परत येतो. हा प्रतिनिधी निघण्याआधी नेमून ठेवायचा असतो. विमानतळावर आठवले तर उशीर झालेला असतो. उलट बाजूही आहे: परतावा घेतला की तेवढी वर्षे पेन्शनच्या हिशेबातून पुसली जातात. ऑक्टोबर २०१६ पासून लागू असलेल्या भारत-जपान सामाजिक सुरक्षा करारात दोन्ही देशांतली वर्षे जोडण्याची सोय आहे, ती अशा माणसाला मिळत नाही. ज्याला पुन्हा जपानला जायचे आहे त्याने परतावा घ्यायची घाई करू नये. हा सल्ला देणारे एक माणूस वाणिज्य दूतावासाजवळ किंवा राज्याच्या कौशल्य विभागात बसवा. सहा लाख रुपये म्हणजे लातूरच्या किंवा गोंदियाच्या घराला लहान रक्कम नाही.

कुटुंबाचे काय, हे मुले सर्वांत आधी विचारतात. या व्हिसाच्या पहिल्या प्रकारात पाच वर्षे बायकामुलांना नेता येत नाही. दुसऱ्या प्रकारात नेता येते, पण काइगो क्षेत्राला दुसरा प्रकारच नाही. तिथे तीन वर्षांचा अनुभव, ठरलेले प्रशिक्षण आणि मग जपानी भाषेतली राष्ट्रीय परीक्षा पास करून वेगळा दर्जा मिळवावा लागतो. एन-४ वर पोचून शिकणे थांबवलेल्या मुलीला ही परीक्षा झेपत नाही. तिथे गेल्यावरही वर्ग चालू राहावेत ही अट दोन्ही देशांच्या माणसांच्या देवाणघेवाणीच्या कृती आराखड्यात घाला. जपानी बाजूला ती मान्य करायला अडचण नाही, कारण टिकलेला कामगार त्यांनाही स्वस्त पडतो.

जुनी तांत्रिक प्रशिक्षणार्थी योजना एप्रिल २०२७ मध्ये बदलते आहे. तीत मालक बदलण्याची मुभा जवळपास नव्हती आणि त्यामुळे पळून जाण्याचे प्रकार झाले. नव्या पद्धतीत एक-दोन वर्षांनी त्याच क्षेत्रात मालक बदलता येईल. त्याआधी इथल्या प्रशिक्षण संस्थांचे करारनामे तपासून घ्या. ‘तीन वर्षे हलणार नाही’ असे लिहून घेणारे नमुने अजून फिरत आहेत.

आता माल. यातही एकच फळ जवळून पाहा.

फळमाशीच्या भीतीने जपानने १९८६ मध्ये भारतीय आंबा बंद केला आणि २००६ मध्ये वाफेच्या प्रक्रियेच्या अटीवर उघडला. वाशीतल्या पणन मंडळाच्या केंद्रात हापूस चेंबरमध्ये ठेवतात, कोयीजवळच्या गरात तापमापकाची सुई खुपसतात, गराचे तापमान ४७.५ अंशांवर पोचले की ते २० मिनिटे तिथेच राखतात, मग फळ थंड करतात. इथे चूक कशी होते? एकाच खेपेत २०० ग्रॅमचे आणि ३०० ग्रॅमचे फळ मिसळले की मोठे फळ तापेपर्यंत लहान फळ शिजते. सालीवर काळे ठिपके येतात, गर सैल पडतो. आणि साका (गर आतून बिघडणे) असलेले फळ बाहेरून ओळखूच येत नाही, ते टोकियोच्या दुकानात कापल्यावर कळते. म्हणून प्रतवारी वजनाची हवी, नुसती डोळ्यांची नको, हे बागेतच व्हायला पाहिजे.

पण खरी अडचण यंत्रात नाही. प्रक्रिया जपानी वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) निरीक्षकाच्या देखरेखीखाली व्हावी लागते आणि तो हंगामापुरता येतो, खर्च निर्यातदारांच्या माथी. कोविडकाळात निरीक्षक येऊ शकले नाहीत आणि ही वाट बंद पडली. चेंबर तेच, आंबा तोच, तापमान तेच. ‘विशेष’ भागीदाराकडे एवढे मागायला हरकत नसावी: आपल्या प्रशिक्षित निरीक्षकाने तपासायचे, तापमानाची नोंद थेट जपानी कार्यालयाला दिसायची आणि जपानी निरीक्षकाने अधूनमधून पडताळणी करायची. हा विषय शिखर बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘इतर’मध्येही सापडत नाही.

दुसरे उदाहरण कोळंबीचे, कारण तिथे बोलण्याने काम झाले. ज्या रसायनाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला जपानमध्ये सरसकट ०.०१ पीपीएमची मर्यादा आहे, म्हणजे १०० टन मालात एक ग्रॅम. २०१२ मध्ये भारतीय कोळंबीत एथॉक्सिक्विन हे रसायन सापडू लागले. ते तळ्यात कुणी टाकले नव्हते. खाद्यातली माशांची भुकटी खवट होऊ नये म्हणून ते खाद्यातच असते. माल परत येऊ लागला. पुरावे दिले गेले, चर्चा झाली आणि जानेवारी २०१४ मध्ये मर्यादा ०.२ पीपीएम झाली. एका आकड्याने बाजार उघडला. तशी दहा-पंधरा रसायनांची यादी द्राक्षे, डाळिंब आणि मसाल्यांसाठी करून दरवर्षी पुढे रेटणारा एक अधिकारी टोकियोतल्या दूतावासात पाहिजे, कृषी रसायने समजणारा, आणि तीन वर्षांत बदली न होणारा.

कारखान्यांच्या मालाला सेपाचा फायदा कमी आहे, कारण वाहनांच्या सुट्या भागांवर जपानचे शुल्क करार नसतानाही शून्यच आहे. कपड्यांवर कराराने शुल्क शून्य झाले, पण व्हिएतनाम आणि बांगलादेशलाही ते शून्यच मिळत आले. उगम प्रमाणपत्राला (माल भारतातच बनल्याचा दाखला) सर्वसाधारण नियमाने ३५ टक्के मूल्यवर्धन आणि मालाच्या सहा अंकी जकात वर्गीकरणात बदल, दोन्ही लागते. करारातले वर्गीकरण २००७ चे, आजचे बिल २०२२ च्या वर्गीकरणाचे. लहान निर्यातदाराचा अर्ज इथेच लटकतो. दोन्ही वर्गीकरणांचा मेळ घालणारा तक्ता वाणिज्य मंत्रालयाने एकदा छापावा.

चाकण-भोसरीच्या पुरवठादाराची अडचण शुल्काची नाहीच. जपानी ग्राहक ‘फोर-एम’ बदलाची आगाऊ सूचना मागतो: माणूस, यंत्र, माल, पद्धत यांपैकी काहीही बदलले तर आधी कळवायचे, नमुना द्यायचा, मंजुरी आल्यावरच उत्पादन. आपल्याकडे सळईचा भाव वाढला की शेठ दुसऱ्या व्यापाऱ्याकडून तीच ग्रेड उचलतो आणि पार्ट मापात बसतो म्हणून कुणाला सांगत नाही. सहा महिन्यांनी एका लॉटमध्ये कडकपणा कमी भरतो, कारण शोधताना हा न सांगितलेला बदल बाहेर येतो आणि ऑर्डर बंद होते. खराब पार्टसाठी नव्हे, लपवलेल्या बदलासाठी. पार्ट खराब निघाला तर जपानी ग्राहक माणसे पाठवून मदत करतो, लपवले तर फोनही करत नाही. हे शिकवायला परदेश दौरा लागत नाही. एमआयडीसीत महिन्याला एक शनिवार पुरतो.

संरक्षणाबद्दल थोडक्यात: यूएस-२ या पाण्यावर उतरणाऱ्या विमानावर दशकभर बोलणी होऊन किमतीवर अडली, तर युद्धनौकांच्या युनिकॉर्न मास्टचा (अनेक अँटेना एकाच खांबात सामावणारी डोलकाठी) करार नोव्हेंबर २०२४ मध्ये झाला. लहान, एकत्र बनवता येणारी वस्तू आधी घ्यावी, असे आम्हाला यातून दिसते.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या ५०८ किलोमीटरबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. ०.१ टक्का व्याज, ५० वर्षांची मुदत, पालघरची जमीन, २०२३ ची हुकलेली तारीख. एक गोष्ट मात्र नजरेआड राहते. जपानी तज्ज्ञांनी भारतीय अभियंत्यांना आणि तंत्रज्ञांना तिथल्या काँक्रीट स्लॅबच्या रुळांचे काम शिकवले आहे. मार्च २०२४ मध्ये जपानने ज्या चार क्षेत्रांची भर घातली त्यांत रेल्वेही आहे. ज्याने सुरतेत हा रूळ टाकला, त्याचे प्रमाणपत्र जपानच्या रेल्वे कौशल्य परीक्षेत ग्राह्य धरावे, निदान प्रात्यक्षिकापुरते. आमच्या माहितीतली ही सर्वांत सोपी मागणी आहे.

राज्य शासनाला एक ठोस सुचवणे. महाराष्ट्राने २०१३ मध्ये वाकायामा प्रांताशी सामंजस्य करार केला, २०१५ मध्ये तिथल्या कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसला. वाकायामा हा संत्री, उमे (आंबट जपानी फळ) आणि पर्सिमनचा, म्हाताऱ्या होत चाललेल्या शेतकऱ्यांचा डोंगराळ प्रांत. टोकियोच्या घोषणेत राज्य आणि प्रांत यांच्या थेट भागीदारीला जागा आहे. पहिल्या दोनशे जणांची तुकडी तिथल्या फळबागांसाठी आणि वृद्धाश्रमांसाठी तयार करा, दहा शिक्षक, दहा वर्ग, एकच प्रांत. काय चुकते ते दोनशेत कळले तर पुढच्या दहा हजारांत टाळता येईल. जपानमध्ये पंतप्रधान सनाए ताकाइची यांचे सरकार आल्यापासून तिथे परदेशी लोकांबाबत नियम कडक करण्याची भाषा वाढली आहे, त्यामुळे भाषा न येणारी पहिली तुकडी पाठवणे आपल्याला परवडणारे नाही.

जुलैच्या जेएलपीटीची नोंदणी मार्चच्या सुमारास सुरू होते आणि पुण्या-मुंबईच्या जागा लवकर भरतात. जागा वाढवण्याची विनंती आयोजकांकडे आधीच जायला हवी, आणि शिक्षकांच्या मानधनाचा आदेश जानेवारीत निघाला तरच वाकायामाच्या दोनशेंपैकी काहींना त्या परीक्षेला बसता येईल. अभ्यासक्रमाचा मसुदा, तासांची विभागणी आणि काइगोची शब्दसूची आमच्याकडे तयार आहे. विभागाने बोलावल्यास घेऊन येऊ.

आपले,
पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील जपानी भाषा शिक्षक, दुभाषे आणि निर्यात कागदपत्रांचे काम करणारे